जिप्सीची बॅटरी दोन रात्रीत बसते, नक्की कुठे बघायचं?

डोंगरवाट
मंडळी, गाडी जिप्सी, १३०० सीसी, एमपीएफआय. पुण्यात असते. शनिवार-रविवार मुळशी, ताम्हिणी, वरंध्याकडचे कच्चे रस्ते. तक्रारी दोन.

एक, गाडी दोन रात्री उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी डाऊन. डॅशबोर्डचे दिवेसुद्धा मिणमिणतात.
दोन, बॅटरी व्यवस्थित चार्ज असतानाही कधीकधी चावी फिरवली की नुसतं 'टक्'. चार-पाचदा चावी मारली की अचानक सुरू होते, जणू काही झालंच नाही.

बॅटरी ४५ एएचची (अँपियर-तास, म्हणजे साठवण), याच वर्षी घेतलेली. एक वायरमन म्हणतो बॅटरीच बाद आहे, दुसरा म्हणतो आल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) बदला, तिसऱ्याने सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) उतरवायचे पैसे सांगितलेत. गाडीवर जादा सामान: पुढे १२० वॉटचा एलईडी बार, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारी मोटर), म्युझिक सिस्टिम आणि अँप्लिफायर. विंच आणि अँप्लिफायर आधीच्या मालकाने बसवलेत. पावसाळ्याआधी चासीचा गंज काढून रंग मारून घेतला. घरात मल्टिमीटर आहे. सुरुवात कुठून करू?

गिअरबॉक्स_गंप्या
तिघांचंही ऐका. बॅटरी, आल्टरनेटर, सेल्फ तिन्ही बदला. एक तर बरोबर निघेलच. बॅटरीवाल्याच्या घरचं कार्यही थाटात होईल. (हलके घ्या.)

अण्णा_करवीर
भावा, ६५ एएचची बॅटरी टाक आणि विसर. आमच्या जुन्या डिझेल जीपला तीच हाय. लई वर्षं झाली, एकदा पण नाव काढलं नाही.

रिलेवाला
अण्णा, थोडं असहमत. मोठी बॅटरी बसवून काही बिघडत नाही, ट्रेमध्ये मावली म्हणजे झालं. पण टाकीला भोक असताना मोठी टाकी बसवल्यासारखं होईल ते. दोन रात्रींऐवजी तीन रात्री, एवढाच फरक.

डोंगरवाट, तुमचे दोन्ही आजार वेगळे असावेत असं मला वाटतं. पहिल्यात उभ्या गाडीत करंट कुठेतरी जातोय. दुसऱ्यात करंट आहे, पण सेल्फपर्यंत धड पोचत नाहीये. दोन्ही एकत्र शोधायला गेलात तर गोंधळ होईल, एकेक घ्या.

आधी बॅटरी निर्दोष आहे का ते बघा. पूर्ण चार्ज करून, रात्रभर मायनस काढून ठेवा आणि सकाळी मीटर लावा. १२.६ च्या आसपास हवं. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. तारा सुटलेल्या असूनही रात्रीत १२.६ वरून १२.२ वर आली तर बॅटरी आतूनच गेली, वॉरंटीचं कार्ड शोधा. मग गाडी सुरू करून बघा. बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ मिळत असेल, हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावरही साडेतेराच्या खाली जात नसेल, तर आल्टरनेटर चार्ज करतोय.

हे झालं की उभ्या गाडीचं लीकेज. चावी काढा, दारं बंद. बॅटरीचा मायनस सोडवा. मीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला (हे विसरलात तर मीटरचा फ्यूज उडेल), मीटर अँपियरवर ठेवा आणि मायनसचा खांब व सोडवलेली केबल यांच्या मध्ये लावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, १० अँपियरच्या मीटरमधून शे-दीडशे अँपियर जाणार नाहीत. जिप्सीसारख्या साध्या गाडीत ०.०३ च्या आसपास किंवा कमी दिसायला हवं. ०.०५ च्या वर गेलं तर चोर आहे. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या सर्किटवर.

अमृता_४बाय४
रिलेवाला, यात एक भर. माझ्याकडे नवी थार आहे. नव्या गाड्यांत लॉक केल्यावर सगळे कंट्रोलर झोपायला वीस मिनिटं, अर्धा तासही लागतो. लगेच मीटर लावला तर अँपियरमध्ये आकडा दिसतो आणि माणूस घाबरतो. शिवाय फ्यूज काढून परत घातला की तो कंट्रोलर पुन्हा जागा होतो, परत थांबा. त्यासाठी फ्यूज न काढता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या धातूच्या ठिपक्यांना टोकं लावायची. शून्य म्हणजे करंट नाही. काहीतरी आकडा आला की त्यातून करंट वाहतोय.

रिलेवाला
+१. ही पद्धत जिप्सीलाही चालते.

मालवणी_गाडा
आमच्याकडे चोर म्हणजे मीठ. सिंधुदुर्गात समुद्रापासून लांब ठेवली तरी खारा वारा येतोच. पावसाळ्यानंतर माझ्या बोलेरोचे कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे सॉकेट) उघडले तर आत हिरवी बुरशी. तांब्याला हिरवं चढलं की दोन पिनांच्या मधून थोडा थोडा करंट झिरपतो. खाऱ्या पाण्यान कोणाक सोडल्यान नाय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुन्या टूथब्रशने घासा, सुकू द्या, मग डायइलेक्ट्रिक ग्रीस. आणि कृपा करून किनाऱ्यावर गाडी घालू नका. गुन्हा दाखल होतो तो वेगळा, चासी आतून कुजते ती वेगळी.

गिअरबॉक्स_गंप्या
ग्रीस कशाला, डब्ल्यूडी-४० मारा की. आमच्याकडे दाराच्या कडीपासून आजोबांच्या खुर्चीपर्यंत सगळ्यावर मारतात.

रिलेवाला
ते पाणी हटवायला उत्तम. जुन्या पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओढ्याचं पाणी शिरलं आणि इंजिन फडफडायला लागलं तर टोपी काढून पुसा, आत फवारा मारा, गाडी चालू होते. पण ते टिकत नाही, आठवड्याभरात उडून जातं. कपलरमध्ये कायमचं संरक्षण हवं तर ग्रीसच. बॅटरीच्या टोकांना साधं व्हॅसलीनही चालतं. फक्त आधी खायचा सोडा गरम पाण्यात घालून पांढरी पूड धुवा, टोकं पॉलिश पेपरने घासा, पक्कं आवळा, आणि व्हॅसलीन सगळ्यात शेवटी. आवळायच्या आधी लावायचं नाही.

भटका_वकील
वाचतोय. वाचनखूण साठवली. अवांतर: १२० वॉटचा बार हायवेला लावून समोरच्याला आंधळं करू नका. रस्त्यावर बारला कव्हर ठेवा. चलान होतं, आणि व्हायलाच पाहिजे.

डोंगरवाट
सगळ्यांचे आभार. शनिवारी दुपारभर बसलो. आकडे देतो.

बॅटरी रात्रभर सुटी ठेवून १२.६२. इंजिन चालू असताना १४.१, सगळे दिवे लावून १३.७. म्हणजे बॅटरी आणि आल्टरनेटर दोन्ही निर्दोष?
उभ्या गाडीत लीकेज ०.६२ अँपियर!
आता गंमत. डॅशखालचे सगळे फ्यूज काढले. बोनेटखालचेही काढले. आकडा ०.६२ च. हललाच नाही. मीटर खराब आहे का?

रिलेवाला
मीटर ठीक आहे. उलट काम सोपं झालं. ०.६२ गुणिले २४, दिवसाला जवळपास १५ एएच. दोन दिवसांत ४५ पैकी ३० गेले. तिसऱ्या सकाळी सेल्फ कशाच्या जोरावर फिरणार? तुमची पहिली तक्रार या आकड्यात पूर्ण बसते.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नाही, याचा अर्थ चोर फ्यूजबॉक्सच्या आधी आहे, थेट बॅटरीला जोडलेला. कंपनीच्या वायरिंगमध्ये असे दोनच असतात, सेल्फ आणि आल्टरनेटर. बाकी नंतर बसवलेलं. बॅटरीच्या प्लसला किती वायरी आहेत ते मोजा आणि एकेक सोडवून मीटर बघा. आल्टरनेटरची जाड वायर सोडवायची असेल तर आधी बॅटरीचा मायनस काढा, नाहीतर पाना चासीला लागला की ठिणगी आणि वितळलेला पाना. त्यातले डायोड गेले तरी उभ्या गाडीत करंट उलटा वाहतो. रात्रभर उभ्या गाडीचा आल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागतो, ती खूण.

अण्णा_करवीर
विंच बघ भावा. चिखलात लोळल्याला विंचचा सोलेनॉइड (मोटरचा करंट जोडणारा मोठा स्विच) अर्धवट चिकटतो कधीकधी.

दुबईकर_देशपांडे
इथे उन्हाळ्यात बॅटरी तशीही लवकर मरते, त्यामुळे आम्ही सगळेच विंचला वेगळा कट-ऑफ स्विच लावतो. वाळूतून आलं की स्विच बंद, घरी गेलं, झोपलं. ९५०० पौंडी विंच पूर्ण ओढीला ४०० अँपियरच्या घरात खातो. एवढा करंट सतत वाहू शकणारी केबल बंपरमागे घासत पडलेली असते, हे लक्षात आलं की स्विचची किंमत जास्त वाटत नाही. विंच वापरताना इंजिन चालूच ठेवा आणि मध्ये मध्ये थांबून मोटर गार होऊ द्या.

अमृता_४बाय४
कट-ऑफ विंचला ठीक. काही लोक पूर्ण बॅटरीला लावतात, ते नव्या गाडीत मला पटत नाही. घड्याळ, खिडक्यांची सेटिंग, सगळं परत. आणि इंजिन चालू असताना चुकून कोणी फिरवला तर आल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो, कंट्रोलर जळू शकतो. म्हणूनच 'बॅटरीचा टर्मिनल काढून बघू गाडी चालू राहते का' ही जुन्या मेस्त्रींची परीक्षा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या कुठल्याही गाडीवर करू देऊ नका.

अण्णा_करवीर
आमच्या जीपला ईसीयू न्हाई. बॅटरी काढून घरी ठिवली तरी उतारावरनं सुटली की चालू. 😄

गिअरबॉक्स_गंप्या
उतार तिथे अण्णा.

डोंगरवाट
सापडला!!

प्लसला पाच वायरी निघाल्या. विंच सोडवला, फरक शून्य. आल्टरनेटर सोडवला, फरक शून्य. तिसरी लाल वायर सोडवली आणि मीटर धाडकन ०.०२ वर. ती फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आत, मॅटखालून मागे गेलेली. मागच्या बाकाखाली हात घातला तर अँप्लिफायर. त्याच्यावर वाळलेल्या चिखलाचा थर, खपली काढली तर आतून छोटा निळा दिवा. चावी माझ्या खिशात आणि हे महाशय दिवा लावून बसलेले, हाताला कोमट.

म्युझिक सिस्टिमकडून अँप्लिफायरला चालू-बंद सांगणारी जी निळी वायर असते ना, ती सिस्टिमला जोडलेलीच नव्हती. ती अँप्लिफायरच्याच प्लसला पिळून वर टेप मारलेली. म्हणजे चोवीस तास चालू. आणि ती जाड लाल वायर बॅटरीपासून मागपर्यंत फ्यूजशिवाय!

रिलेवाला
छान शोधलंत. निळी वायर सिस्टिमच्या निळ्याला जोडा, चावीबरोबर बंद होईल.

पण मला तुमच्या शेवटच्या वाक्याची जास्त काळजी. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, वीतभर अंतरात. फ्यूज अँप्लिफायर वाचवायला नसतो, वायरीला आग लागू नये म्हणून असतो. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट आहे का तेही बघा. उघड्या पत्र्यावर वायर घासत असेल तर कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी इन्सुलेशन कापलं जाणारच, आणि फ्यूज नसलेली वायर चासीला टेकली की विझवायला काही उरत नाही. विंच सोडून प्रत्येक जादा वायरीला फ्यूज.

एलईडी बारचंही तपासा. १२० वॉट म्हणजे १० अँपियर. तो करंट डॅशवरच्या छोट्या स्विचमधून जात असेल तर स्विच वितळतो. रिले हवा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात: ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून, ८७ वरून बारला, ८६ ला स्विचकडून, ८५ अर्थ. वायर अडीच चौरस मिलिमीटरची.

नवखा_जिम्नी
एक शंका. वायरीचा जोड सोल्डर करावा की क्रिंप (धातूची नळी दाबून)? यूट्यूबवर दोन्ही बाजूंनी भांडणं चालू आहेत.

रिलेवाला
हादरे खाणाऱ्या गाडीत नीट क्रिंप. सोल्डर वायरीत वर चढतं, तिथे ती ताठ होते आणि ताठ भाग संपतो तिथेच तुटते. पक्कडीने चेपलेला जोड म्हणजे क्रिंप नव्हे, क्रिंपर आणा. वरून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आकसणारी नळी).

मालवणी_गाडा
मी पस्तीस वर्षं सोल्डर करतोय. एकही तुटला नाही.

रिलेवाला
तुमचा हात चांगला असेल आणि जोडाला आधार असेल, तर नाही तुटणार. नवख्याला मी क्रिंपच सांगेन.

चाकोरीबाहेर
वायरीचा विषय निघालाच आहे तर उंदीर! पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर हार्नेस कुरतडतात. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, सगळं करून झालं. कोणाकडे खात्रीचा उपाय?

गिअरबॉक्स_गंप्या
मांजर. गॅरंटी नाही, पण वॉरंटीत दूध बसतं.

अमृता_४बाय४
गाडी रोज हलवा आणि बोनेटखाली खाण्याचे कण, सुका पाला राहू देऊ नका. बाकी सगळे उपाय उंदीर शिकेपर्यंत चालतात.

भटका_वकील
धाग्याच्या मालकांची दुसरी तक्रार राहिली की. ते 'टक्'.

डोंगरवाट
हो, ते आहेच. अँप्लिफायर सोडवल्यापासून बॅटरी आठवडाभर उभी राहूनही १२.५ च्या वर आहे. पण काल ताम्हिणीत चहाला थांबलो आणि परत 'टक्'. आणखी एक लक्षात आलं. हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा थोडा वर चढतो, बंद केले की खाली. इंजिन गरम नाहीये.

रिलेवाला
काट्याचं आधीच सांगायला हवं होतंत! दिवे लावल्यावर मीटरचा काटा हलतो म्हणजे अर्थिंग कच्चं. लोक प्लसच्या वायरीमागे लागतात. पण जेवढा करंट प्लसमधून जातो तेवढाच मायनसमधून परत यायला लागतो. आणि तुम्ही लिहिलंय की पावसाळ्याआधी चासी रंगवली.

ही चाचणी करा. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, खांबावरच, क्लॅम्पवर नाही. दुसरं इंजिनच्या ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ च्या आत हवं. मग तसंच प्लस खांब ते सेल्फची जाड वायर, तिथे ०.५ पर्यंत चालतं. सेल्फ मारताना बॅटरीवरचा आकडाही बघा, ९.६ च्या खाली जायला नको. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून.

अण्णा_करवीर
ह्यावरनं आठवलं. आमच्या तालमीतल्या एकाच्या गाडीचा इंजिनचा अर्थ तुटला व्हता. सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधनं परत जायला लागला. केबलचं प्लास्टिक वितळून ॲक्सिलरेटर अडकला. मेस्त्री केबल बदलत बसला, परत वितळली. दुसऱ्या केबलला कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला.

रिलेवाला
अगदी असंच होतं. करंटला परतीचा रस्ता हवा, मिळेल तो घेतो. गिअरच्या, क्लचच्या केबली अशाच जळतात.

डोंगरवाट
आकडे: सेल्फ मारताना बॅटरीवर १०.८. प्लसची बाजू ०.३. मायनस खांब ते ब्लॉक १.४!

गाडीखाली गेलो. बॅटरीचा मायनस चासीला येतो आणि चासीवरून एक विणलेली पट्टी इंजिनला जाते. चासीवरच्या बोल्टचं थिंबल (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) खोललं, तर त्याच्याखाली गुळगुळीत काळा रंग. चासी रंगवणाऱ्यांनी अर्थचा बोल्ट खोलला, जागा झकास रंगवली आणि वरून बोल्ट परत आवळला. करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जात होता. पट्टीच्याही निम्म्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या.

रिलेवाला
बॅटरीवर १०.८, त्यातले १.४ आणि ०.३ वाटेत गेले, सेल्फला मिळाले नऊच्या आसपास. गार असताना कसाबसा फिरायचा, गरम इंजिनला आणि थोड्या उतरलेल्या बॅटरीला 'टक्'.

रंग खरवडून चकचकीत धातू काढा. थिंबल, त्याखाली दातेरी वॉशर, पक्कं आवळा. आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग, आधी नाही. पट्टी नवीन टाका आणि शक्य असेल तर बॅटरीच्या मायनसपासून थेट ब्लॉकला ३५ चौरस मिलिमीटरची आणखी एक केबल.

अमृता_४बाय४
आणि खाली गेलाच आहात तर डिफरन्शियलचे (ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याचे) ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची भोकं, बघून घ्या. गरम डिफ ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बुजला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. प्लग खोलून तेल बघा, दुधी दिसलं तर लगेच बदला. नळी लावून ब्रीदर बोनेटपर्यंत वर घेता येतो, स्वस्तातलं काम.

नवखा_जिम्नी
ओढ्यात इंजिन बंद पडलं तर परत सेल्फ मारायचा ना?

अमृता_४बाय४
अजिबात नाही! एअर फिल्टर ओला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी गाडी ओढून बाहेर काढा, फिल्टर बघा. ओला असेल तर स्पार्क प्लग काढूनच इंजिन फिरवा.

डोंगरवाट
पट्टी बदलली, चासीची जागा घासली, ब्लॉकला जादा केबल टाकली. सेल्फ मारताना १.४ चं ०.१२ झालं. आता सेल्फचा आवाजच वेगळा येतो, खणखणीत. हेडलाइट जास्त पांढरे दिसतायत, काटाही हलत नाही. दुरुस्तीला केबल, दोन थिंबल आणि फ्यूज होल्डर एवढंच लागलं. सेल्फ उतरवायला जे पैसे सांगितले होते त्याच्या जवळपासही नाही.

ब्रीदर मागचा बुजलेलाच होता. तेल मात्र स्वच्छ निघालं.

गिअरबॉक्स_गंप्या
म्हणजे बॅटरीवाल्याकडचं कार्य रद्द.

चाकोरीबाहेर
डोंगरवाट, ३५ ची केबल थिंबलला क्रिंप कशी केली? माझा क्रिंपर ६ च्या पुढे जात नाही.

डोंगरवाट
बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरच्या केबली करतात, त्यांच्याकडे हायड्रॉलिक क्रिंपर असतो. लांबी मोजून, थिंबलचं भोक कुठल्या बोल्टचं हवं ते सांगून तयार करून घेतली. लांबी मोजताना इंजिन हलतं हे धरून वीतभर जास्त घ्या.